अंगठाबहाद्दर

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकासाठी ‘पटवून देणारा निबंध कसा लिहावा’ यावर दोन पानं लिहून द्या, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं आणि मी लगेच हो म्हणालो. गडचिरोलीत मी एवीतेवी त्याच विषयाचा मास्तर म्हणून ओळखला जातो. माझी मुलं निबंधाची बक्षिसं आणतात, मग लोक विचारतात, गुरुजी, तुम्ही शिकवता तरी कसं? मी मान खाली घालून हसतो. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला? चोरी पचली की माणूस असंच हसतो.

लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, ते सरांचं निघालं. दुसरं लिहिलं, तेही सरांचंच. अख्खं पान झालं तरी माझं असं एक वाक्य काही सापडेना. माझं स्वतःचं या विषयातलं एकच काम आहे, आणि ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तेव्हा आधी सरांविषयी लिहितो. अंकाचं काय ते नंतर पाहू.

सर आम्हाला नववी-दहावीला मराठी शिकवायचे. वडशाहून गडचिरोलीकडे येताना एक फाटा फुटतो, त्या फाट्याने आत आमचं गाव. गावाला मोठा तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेली शेतं, आणि तलावाच्या पाळीला लागून शाळा. सर तिशीत तिथे आले आणि तिथलेच झाले. बारीक अंग, खिशाला दोन पेनं, त्यातलं लाल पेन कायम गळकं. एकूण एक सदऱ्याच्या खिशावर लाल डाग. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, ते डाग घासून थकल्या आणि शेवटी त्यांनी सरांसाठी सगळे सदरे लाल चौकडीचे शिवून आणले. सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “डाग जात नाई त कपडा बदलावा. मुद्दा बरोबर हाय.” त्यानंतर मी सरांना दुसऱ्या कुठल्या सदऱ्यात पाहिलं नाही.

ते लाल पेन मुख्यतः एकच शब्द लिहायचं, आमच्या बोलीतला ‘का’. वहीच्या समासात, ठसठशीत अक्षरात: काऊन? ‘मोबाईल वाईट आहे’ लिहिलं, काऊन? ‘कारण मुलं बिघडतात’, काऊन? ‘कारण अभ्यास करत नाहीत’, काऊन? माझ्या एका निबंधात अकरा काऊन होते. शेवटच्याला चिडून मी उत्तर लिहिलं, ‘कारण बाबा म्हणतात.’ त्याखाली सरांनी लिहिलं, ‘हे खरं कारण. इथून सुरू कर.’

आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक बाहेरचे होते. त्यांना ते काऊन फार खटकायचं. मराठीच्या मास्तरानं निदान समासात तरी शुद्ध लिहावं, असं त्यांनी एकदा सर्वांसमोर सुनावलं. सर म्हणाले, “सर, ‘का’ म्हटलं का पोरगं घाबरते. ‘काऊन’ म्हटलं का त्याले घरातलं कोनी विचारल्यावानी वाटते, मंग ते खरं सांगते.” मुख्याध्यापकांना हे पटलं नाही, पण उलटं काय म्हणावं तेही सुचलं नाही. सरांशी वाद घालणाऱ्यांची नेहमी हीच गत व्हायची.

‘आजच्या या धकाधकीच्या युगात’ अशी सुरुवात कोणी केली की सर पुस्तक मिटून बाकावर बसायचे. “तुह्या गावात धक्का कोनाले लागला गा? बस दिवसातून दोनदा येते, ते बी रिकामी.” वर्ग हसायचा. ज्याचा निबंध असायचा तोही हसायचा, पण पुन्हा त्याच्या वहीत धकाधकी यायची नाही.

शिकवणं म्हणाल तर सगळं तीन शब्दांत होतं. दावा, कारण, दाखला. दावा म्हणजे तुमचं म्हणणं, तो एका ओळीत सांगता आला पाहिजे. नाही आला तर तुम्हालाच माहीत नाही तुम्ही काय म्हणता ते. कारण म्हणजे काऊनचं उत्तर. आणि दाखला म्हणजे जो तुमच्याशिवाय दुसऱ्यालाही जाऊन पाहता येतो. मग सर आम्हाला वर्गाबाहेर काढायचे आणि पाळीवर उभं करून खालच्या बांध्या दाखवायचे. “निबंध म्हंजे बांधी. धुऱ्याले एक खेकडा भोक पाडते अन् पानी जाते निघून. मंग शहाना शेतकरी काय करते? शेजारी सांगन मंग पाहू, असं म्हनते काय? स्वतः फिरते, स्वतः भोक शोधते.” आपल्या मुद्द्यातलं भोक समोरच्याच्या आधी आपल्याला सापडलं पाहिजे, हे मी आजही मुलांना सांगतो. खेकड्यासकट सांगतो. वर्गात माझ्या नावाने टाळ्या पडतात.

सरांना हा रोग फक्त वर्गापुरता नव्हता. आठवडी बाजारात ते वांगी घ्यायला जायचे आणि विकणारीला आधी तिच्या बाजूने समजावून सांगायचे, की बाई, तुझा भाव बरोबर आहे, पाणी तू ओढलंस, ओझं तू आणलंस. एवढं बोलून झाल्यावर स्वतःची बाजू मांडायला तोंडच उरायचं नाही, आणि ती सांगेल त्या भावात पिशवी भरून घरी यायचे. बाई कपाळाला हात लावायच्या. हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की सर एकही सोडायचे नाहीत, पण तिथेही त्यांचं वेगळंच. एकदा खलनायकाने नायकाच्या बापाला असं काही बिनतोड बोलून दाखवलं की सरांनी उभं राहून त्यालाच टाळ्या दिल्या. मागचे लोक ओरडले, मास्तर खाली बसा. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, “हिरो चांगला मानूस होता, पन तयारी करून नोता आला.”

घरात मात्र काऊनला बंदी होती. “जेवाचं हाय का काऊन कराचं हाय?” बाईंनी विचारलं की सर निमूट पाटावर बसत.

आता ज्याच्यासाठी सर आमच्या भागात ओळखले जायचे त्याकडे येतो. त्याला आम्ही ‘समोरच्याचं पान’ म्हणायचो. निबंधाचं पहिलं पान आपलं नसायचंच. आपल्या विरुद्ध ज्याचं मत आहे अशा खऱ्याखुऱ्या माणसाकडे जायचं, त्याचं ऐकायचं, ते पानावर लिहायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. ‘होय, माझं म्हणणं हेच आहे’ असं तो म्हणाला की त्याची खाली सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा. मगच दुसऱ्या पानावर आपला दावा. सही नसलेली वही सर उघडूनही बघायचे नाहीत. “ज्याचं ऐकलं नाई त्याले खोडाचा हक नाई,” असं ते म्हणत.

एकाने विचारलं, “सर, मी वाघाच्या विरुद्ध लिहून राह्यलो. वाघाची सई कुठून आनू?” सरांनी त्याला वनरक्षकाकडे पाठवलं. पोरगा परत आला तो वाघाच्या बाजूने निबंध लिहून, आणि मग त्याला सहीसाठी आपल्याच काकाकडे जावं लागलं, ज्याची गाय वाघाने नेली होती.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचं घरचे दहावीनंतर लग्न करणार होते. तिने विषय घेतला, मुलींनी पुढे शिकावं. समोरचा माणूस घरातच होता. तिने वडिलांचं म्हणणं लिहून वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मी असा रागानं नाई बोललो.” तिने पुन्हा लिहिलं. “असं बी नाई. मले तुही काळजी हाय, ते तं लिहलंच नाई तू.” तिसऱ्यांदा लिहिलं. चौथ्यांदा त्यांनी सही केली, आणि सही करून झाल्यावर म्हणाले, “आता तुहं वाच.” ती आज वरोऱ्याला नर्स आहे. ही गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. माझी गोष्ट सांगत नाही.

माझी गोष्ट त्याच वर्षाची.

त्या वर्षी पाऊस मागून तुटला. उशिरा पिकणारा भारी धान ऐन गर्भात आणि बांध्यांना भेगा. तलावात पाणी होतं, पण त्याच तलावात गावातल्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, संस्थेने मासोळीचं बी सोडलेलं होतं. शेतकरी म्हणत होते, पाणी सोडा. ढिवर म्हणत होते, सगळं सोडलं तर आम्ही खायचं काय? पारावर, बसमध्ये, पिठाच्या गिरणीत तेच. दोन्ही मोहल्ल्यांतली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. आमची जमीन पाटाच्या शेवटाला, त्यामुळे बाबा तर या विषयावर ताटावरून उठायचे. सरांनी वर्गाला विषय दिला: तलावाचं पाणी धानाला सोडावं काय? शनिवारी वह्या द्यायच्या होत्या.

माझा दावा तयारच होता. राहिलं समोरच्याचं पान. त्यासाठी ढिवर मोहल्ल्यात जायला हवं होतं. मी गेलो नाही. का गेलो नाही? तेव्हा मला विचारलं असतं तर म्हणालो असतो, वेळ मिळाला नाही, कबड्डीचे सामने होते. तेही होतं. पण खरं कारण दुसरं होतं. आमच्या घरचं कोणी त्या मोहल्ल्यात जात नसे, आणि मला वाटत होतं, त्यात विचारायचं काय आहे? ते काय म्हणणार ते मला माहीत आहे. ती माणसं माझ्या लेखी माणसं नव्हती, माझ्या निबंधातला अडथळा होती. आहे ते असं आहे.

मी घरात बसून पान लिहिलं. आमच्या दारावर एक बाई मासोळ्या विकायला यायची. आई तिच्याकडून घ्यायची, तिचं नाव मला ठाऊक होतं. तेच वर टाकलं. आणि तिच्या तोंडी मी असं काही घातलं की पुढच्या पानावर मला जिंकायला सोपं जावं. ‘शेतकरी भावांचं दुःख आम्हाला कळते. तलावात कमरेइतकं पाणी राहिलं तरी आमच्या मासोळीचं भागते.’ लिहून झाल्यावर वाचलं तर मलाच भरून आलं. मग पेनाची कांडी उघडून शाई अंगठ्याला फासली आणि खाली अंगठा उमटवला. सहीचा विचारच मनात आला नाही. ढिवरीण आहे, डोक्यावर टोपलं घेऊन फिरते, तिला कुठली सही? इतकं ते मला उघड होतं.

शनिवारी वही दिली. सरांनी त्या रविवारी ती वाचली असणार. सोमवारी सकाळी पाण्यासाठी ग्रामसभा होती, आणि सरपंचांनी सरांना मुद्दाम बोलावलं होतं. गावात ते एकच माणूस असे होते ज्यांनी शेतकऱ्यांचेही अर्ज लिहिले होते आणि ढिवरांचेही. सरांनी आम्हा दहावीच्या पोरांनाही यायला लावलं, की वाद कसा मिटतो ते बघा. आम्ही ग्रामपंचायतीच्या खिडकीशी उभे होतो.

तासभर नुसता आरडाओरडा झाला. मग सर उठले. त्यांच्या हातात एक वही होती, पुठ्ठा मागे दुमडलेला. मला माझं अक्षर लांबूनही ओळखू आलं. सरांचा चेहरा इतका आनंदी होता की काय सांगू. म्हणाले, “आपन मोठे मानसं भांडून राह्यलो. पन माह्या वर्गातल्या एका पोरानं त्या मोहल्ल्यात जाऊन बसून ऐकलं. त्यानं जे आनलं ते वाचतो.” आणि त्यांनी मासोळीवाल्या बाईचं नाव घेऊन ते पान वाचलं. कमरेइतकं पाणी हे शब्द आले तसे शेतकऱ्यांकडून ओरडा झाला, “बस, झालं! सोडा पानी!” माझे बाबा सगळ्यांत पुढे.

मागून ती बाई उठली. ती तिथेच होती.

“थांबा सर. नाव कोनाचं घेतलं?”

सरांनी पुन्हा सांगितलं.

“ते तं मीच. पन हे मी बोललो नाई. मले कोनी विचाराले आलंच नाई. कमरेइतक्या पान्यात उनानं मासोळी शिजते, सर. जगत असन त माह्या टोपल्यात जगवून दाखवा.”

बाबा ओरडले, “अंगठा लावला अन् आता पलटून राह्यली!”

“अंगठा?” ती पुढे आली. तिने वहीत पाहिलं. “भाऊ, मी सातवी शिकलो. मी सई करतो. बचत गटाचं रजिस्टर आना, अध्यक्ष म्हनून माही सई हाय त्यात. माह्या हाताखाली बारा बाया सई कराले शिकल्या. मी काऊन अंगठा लावीन?” आणि मग सरांकडे वळून तिने सरळ विचारलं, “सर, हा अंगठा कोनाचा हाय?”

सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो आणि माझा शाईचा अंगठा मुठीत होता. शाई धुऊन दोन दिवस झाले होते तरी मी तो मुठीत घेतला. सरांनी खिडकीकडे पाहिलं नाही. एकदाही पाहिलं नाही. आपल्या चौकड्यांच्या सदऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “माहा.”

“काय?”

“अंगठा माहा हाय. वर्गात दाखवाले नमुना म्हनून मीच लिहलं होतं हे पान. पोरानं आनलं असं खोटं सांगून इथी वाचलं. चूक माही हाय, बाई.”

“नमुन्याले माहं नाव? अन् ते बी अंगठा? काऊन केलं सर तुमी असं?”

जन्मभर तो शब्द दुसऱ्यांना विचारलेला माणूस. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. खिडकीतून एक वाक्य ओरडायचं होतं, ‘सर, तो माझा आहे.’ दावा एका ओळीत सांगता आला पाहिजे, हे त्यांनीच शिकवलेलं. मी नाही बोललो. आधी बाबांची भीती वाटली, मग वाटलं आता उशीर झाला, आणि मग, खरं सांगतो, बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. त्या सुटकेची लाज मला आजतागायत वाटते.

ती बाई खाली बसण्याआधी आणखी एक बोलली, आणि ते कोणी ऐकलं नाही कारण तोवर दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या अंगावर धावत होती. मी खिडकीत होतो म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणत होती, “आमच्याकडं कोनी आलं असतं त सांगतलं असतं. सगळं एकदम नोका सोडू. आठ-आठ दिवसांनी सोडा, आमी तोवर डोहाकडं जाळी बांधून मासोळी राखून घेतो.” एवढंच तिचं म्हणणं होतं. ते माझ्या पहिल्या पानावर यायचं होतं. मी सायकल काढून पाच मिनिटांच्या वाटेवर गेलो असतो तर ते आलं असतं, आणि सरांनी तेच सभेत वाचलं असतं.

सभा मोडली. सभेत खोटंच वाचायचं असेल तर आम्ही तरी कशाला थांबायचं, असं म्हणून शेतकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाचं तोंड, ज्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात, ते पुरतं उघडलं. पाणी चार दिवस वाहिलं. पाचव्या दिवशी चिखलात बोटाएवढ्या मासोळ्या पोटं वर करून पडल्या होत्या आणि ढिवर मोहल्ल्यातल्या बाया पदराने नाक झाकून त्या गोळा करत होत्या. आमचा धान वाचला. त्या वर्षीचा भात चवीला फार छान होता, असं आई म्हणायची.

सरांवर शाळेच्या मंडळाने लेखी ठपका ठेवला. समोरच्याचं पान बंद करायला लावलं. नववी-दहावी काढून त्यांना पाचवीचा वर्ग दिला. अर्ज लिहून घ्यायला त्यांच्या ओट्यावर बसणारी माणसं हळूहळू येईनाशी झाली. शेतकऱ्यांना ते ढिवरांचे वाटले आणि ढिवरांना शेतकऱ्यांचे. आणि गावाने त्यांना नाव ठेवलं, अंगठाबहाद्दर. पंचक्रोशीत ज्याच्याइतकं कोणी वाचलेलं नव्हतं त्या माणसाला पोरं लांबून हाक मारायची, ओ अंगठाबहाद्दर! बाबाही घरात तेच म्हणायचे. मी ताटावर बसून ऐकायचो.

माझी वही मला परत मिळाली. पहिलं पान फाडलेलं होतं. बाकी पानांवर लाल शाईचा एक ठिपका नव्हता. एकही काऊन नाही. सरांनी मला कधी काही विचारलं नाही, बोलणं टाळलंही नाही, पाचवीच्या पोरांना घेऊन जाताना भेटले की “काय गा, अभ्यास बरा हाय?” एवढं विचारायचे. ते रागावले असते तर मी रडून मोकळा झालो असतो.

निवृत्तीनंतर सर वडशाला राहायला गेले. मला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेलो. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो, बसमध्ये वाक्यंही जुळवली होती. सरांनी विचारलं, “वर्गात काय शिकवतो?” मी म्हटलं, “समोरच्याची बाजू आधी.” त्यांनी मान हलवली. बाई चहा घेऊन आल्या आणि पेढ्याचा पुडा उचलता उचलता म्हणाल्या, “तुमी तं सरचे लाडके होते. तुमाले तरी माहीत असन. यायनं तेवा असं काऊन केलं गा? इतके वर्षं झाले, विचारलं त बोलतच नाई.” म्हणजे सरांनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. बाईही त्यांना खोटा अंगठा लावणारा समजत होत्या आणि त्याच माणसाला रोज जेवायला वाढत होत्या. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “औंदा वडशात एक खलनायक आला हाय, भल्ला बोलते. पाहाले ये एखाद्या दिवशी.” मी चहा प्यायलो आणि निघालो.

सर मागच्या उन्हाळ्यात गेले. गावच्या शाळेने शोकसभा ठेवली आणि मुख्य भाषण माझ्याकडे दिलं. सरांचा सगळ्यांत नाव काढणारा विद्यार्थी म्हणून. मी त्या भाषणाची कधी नाही इतकी तयारी केली. शेवटी तीन वाक्यं लिहून ठेवली होती. पान माझं होतं. अंगठा माझा होता. सर खोटं बोलले ते माझ्यासाठी. तीन वाक्यं. कागद खिशात होता.

पंधरा मिनिटं बोललो. दावा केला, कारणं दिली, दाखले दिले. लाल चौकडीचा सदरा सांगितला, खेकडा सांगितला, वाघाची सही सांगितली. लोक हसले, मग रडले. बाई पहिल्या रांगेत पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. माझे आजचे दोन विद्यार्थी मोबाईलवर भाषण टिपत होते. शेवटाला आलो आणि खिशाकडे हात गेला. गेला तो तिथेच राहिला. मी म्हणालो, “असा सच्चा माणूस पुन्हा होणे नाही,” आणि खाली बसलो. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, तरी कोणीतरी वाजवल्या.

बाहेर चपला शोधत होतो तर मागून कोणी खांद्यावर हात ठेवला. मासोळ्या विकणारी तीच बाई. केस पांढरे झालेले, पण ताठ. आता मच्छीमार संस्थेचा सगळा कारभार तीच बघते. त्या दिवसानंतर ती सरांशी कधी बोलली नव्हती, हे गावाला माहीत होतं.

“मी येनार नोतो,” ती म्हणाली. “मंग म्हटलं, गेलेल्या मानसावर काय राग धरावा. तू लय चांगला बोलला बाबू. अन् ते अंगठ्याचं नाई काढलं, ते बरं केलं. देवमानूस होता, एक चूक झाली त्याच्या हातून. आपन झाकावं.”

मी म्हटलं, “हो बाई.”